चौदा नंबरचा शिक्का

माळशेजचे धबधबे बघायला निघालेली माणसं मुरबाडला वडापाव खातात आणि नाशिकला जाणारी शहापूरला गाडीत हवा भरून घेतात. या दोन गावांना मुद्दाम असं कुणी जात नाही. मी गेले, पण सहलीला नाही. मी तपासनीस आहे. दुसऱ्यांच्या कामातल्या चुका काढणं हा माझा धंदा, आणि बावीस वर्षं चिंचवडच्या कारखान्यात तो इमानेइतबारे केल्यावर स्वभावही तसाच झाला आहे. माझी बहीण मला जेवायला बोलावते तेव्हा आधी आमटीतलं मीठ दोनदा चाखते आणि मगच हाक मारते.

जाऊन आले त्याला दोन महिने होत आले. चार दिवसांत काय पाहिलं, काय खाल्लं ते सांगायला मला आवडेल. शेवटी काय केलं ते सांगायला जड जाणार आहे, पण तेच सांगायचं म्हणून लिहायला बसले.

आधी काम समजून घ्या. परदेशातली एक कंपनी विजेवर उडणारी टॅक्सी बनवते. चार माणसं बसतील एवढी, डोक्यावर पंखे, रस्त्याची गरज नाही. टॅक्सी जुळते समुद्रापलीकडे, पण तिच्या पोटातली पुष्कळशी कामं त्यांनी बाहेर वाटून दिली आहेत. त्यातली काही पुण्यातल्या एका मधल्या कंपनीनं घेतली, आणि तिनं त्यातली थोडी शहापूरला आणि थोडी मुरबाडला दिली. लग्नघरातून लाडू एकीकडे आणि चिवडा दुसरीकडे करायला देतात, तसंच. मला मधल्या कंपनीनं पाठवलं होतं. सगळं बघायचं आणि अहवाल द्यायचा. अहवाल चांगला गेला तर पुढची तीन वर्षं काम तिथंच राहणार होतं.

शहापूर

शहापूरची शेड आसनगावच्या बाजूला आहे. मागे माहुलीचे सुळके, पुढे चहाची टपरी, मध्ये निळा पत्रा. दिवस भातकापणी संपल्याचे होते. शेतांत नुसती धसकटं उभी आणि बांधावर भारे रचून केलेल्या उडव्या. आमच्याकडं नोव्हेंबरात ज्वारी वाऱ्यावर डुलत असते, त्यामुळं मला ती उघडी शेतं जरा भकास वाटली.

शेडमध्ये फार काही नव्हतं. स्क्रू, नट, वॉशर हे सगळं मोजून फोमच्या खाचांत बसवायचं, म्हणजे तिकडं टॅक्सी जुळवणाऱ्याला काही शोधावं लागत नाही. एक खाच रिकामी राहिली तर ट्रे पुढं सरकत नाही. उंबरमाळी या छोट्याशा स्टेशनाहून येणारा चाळिशीचा एक गडी एवढ्या मन लावून स्क्रू मांडत होता की मी त्याच्यापाशीच रेंगाळले. भिंतीवर टॅक्सीचं चित्र होतं. त्यानं मान न वळवता विचारलं, "मॅडम, ही आमच्या उंबरमाळीला थांबंल का?"

"नाही थांबायची," मी म्हणाले.

"वाटलाच मला. सगळ्या गाड्याबी नाय थांबत आमच्याकडं, ही कशाला थांबंल." आणि हसून त्यानं पुढचा स्क्रू खाचेत ठेवला.

शहापूरच्या कामात एकही चूक सापडली नाही. दुपारी खानावळीत वालाचं बिरडं आणि तांदळाची भाकरी खाल्ली. पुण्यात आपण वाल चवीपुरता खातो, इथं तो पोटभर वाढतात. जेवणानं मी इतकी सुस्तावले की माझं भिंग तिथल्याच टेबलावर राहिलं. बावीस वर्षांत भिंग विसरण्याची ही पहिलीच वेळ. मुरबाडला पोचल्यावर ते लक्षात आलं आणि मी स्वतःलाच चार शिव्या घातल्या.

मुरबाड

मुरबाडची शेड औद्योगिक वसाहतीच्या टोकाला आहे. दारात चपला काढायच्या, डोक्याला जाळी बांधायची आणि आत जायचं. आत गार हवा, पांढरे दिवे आणि बावीस बायका. टॅक्सीच्या अंगातून ज्या तारा फिरतात त्यांचे जुडगे इथं बांधतात. त्यांना तिथं सगळे हार्नेस म्हणतात. तारेचं टोक सोलायचं, धातूच्या बारीक नळीत घालून पकडीनं दाबायचं, मग सगळ्या तारा एकत्र करून मेणाच्या दोऱ्यानं ठरावीक अंतरावर गाठी मारायच्या. हार्नेस पुरा झाला की जिनं केला तिनं कागदावरच्या चौकोनात आपल्या नंबरचा शिक्का मारायचा. भिंतीवर बावीस खिळे, प्रत्येकावर एक शिक्का.

शेड सांभाळणारे वसंतराव पन्नाशीचे, कडक इस्त्रीचा शर्ट, बोलताना सारखे पेन उघडणारे-मिटणारे. मला भिंग नाही हे कळल्यावर त्यांचा जीव वरखाली झाला. जशी काही त्यांचीच चूक. तेवढ्यात कोपऱ्यातल्या टेबलावरून एक बाई उठली आणि स्वतःचं भिंग माझ्या हातात देत म्हणाली, "घ्या मॅडम. माजा साफ हाय."

ही सुगंधा, चौदा नंबर. तिशीतली, हडकुळी, आणि हसली की एकदम दहा वर्षांनी लहान दिसणारी. जेवणाच्या सुट्टीत ती शेजारी बसली आणि शिक्का कसा मिळाला ते सांगू लागली. शिक्क्यासाठी परीक्षा असते, पेपर इंग्रजीत येतो. ती दोनदा नापास झाली. तिसऱ्या वेळी तिच्या शेजारी बसणाऱ्या कुंदानं अख्खा पेपर मराठीत लिहून तिच्याकडून पाठ करून घेतला. पास झाली त्या दिवशी शिक्क्याचा ठसा हातावर मारून ती घरी गेली होती.

"पन आता परत परीक्षा नको," ती म्हणाली. "पंधरा दिस टेबलावर नाय बसलात तर शिक्का काढून घेतात. मंग परत पेपर. परीक्षा घेनारा मानूस कवा येईल त्याचा पत्ता नाय. तवर झाडू मारा."

"ही टॅक्सी कधी बघितलीस?" मी विचारलं.

"चित्रात. आमी म्हनतो, उतरंल कुठं ती? आमच्या खळ्यावर?" डावखुरी कुंदा डाव्या हातानं भाकरी मोडत म्हणाली आणि सगळ्या हसल्या.

दुपारी मी जुने हार्नेस काढून बघायला बसले. सुगंधाचं काम सुरेख होतं. आणि सुगंधाच्याच भिंगातून मला तिच्या गाठी दिसल्या. गाठ मारताना दोऱ्याची टोकं उजव्या हाताच्या माणसाची एकीकडं वळतात, डावखुऱ्याची दुसरीकडं. काही जुडग्यांवरच्या गाठी डाव्या हाताच्या होत्या. कागदावर मात्र शिक्का चौदा.

माझ्या धंद्यात अशा वेळी ताबडतोब प्रश्न विचारायचा असतो. मी विचारला नाही. हात दुखला असेल, बसण्याची दिशा बदलली असेल, असं काहीबाही मनाशी म्हणत मी कागद मिटला. मला त्या बायका आवडल्या होत्या, दुसरं कारण नाही. निघताना सुगंधा म्हणाली, "उद्या सुट्टी. आमच्याकडं झोडनी हाय. या जेवाया." मी हो म्हणाले.

वैशाखरे

मुरबाडहून माळशेजच्या रस्त्यानं जाताना सह्याद्रीची भिंत हळूहळू इतकी जवळ येते की बोलणंच थांबतं. वैशाखरे तिच्या पायथ्याशी आहे. सुगंधाचं घर रस्त्यापासून आत, पुढं शेणानं सारवलेलं खळं आणि खळ्यात मधोमध एक आडवी फळी. भाताची पेंढी दोन हातांत धरायची आणि फळीवर आपटायची, दाणे खाली पडतात. कुंदाही आली होती, आणखी दोघी शेडमधल्याच होत्या. पडवीत खाटेवर सुगंधाचा नवरा पाय लांब करून बसला होता. पायाला प्लास्टर. दगड उतरवताना पाय मोडला होता.

घरची कर्ती म्हणजे सासू, तिला सगळे बाय म्हणतात. मला बसायला पाट आणला, कोरा चहा दिला. पण चार बायका राबतायत आणि मी पाटावर बसून चहा पितेय, हे मला बरं वाटेना. पदर खोचला आणि एक पेंढी उचलली. पहिली पेंढी आपटली ती सरळ माझ्या नडगीवर. खळ्यावर जो हशा पिकला तो मी जन्मात विसरणार नाही. पण तासभर मी झोडलं. हाताला भाताची कुसळं लागून आग होत होती आणि फार वर्षांनी मी कुणाची चूक न शोधता काम करत होते.

थांबले तेव्हा बाय म्हणाली, "हात लावलास ना आमच्यात? आता आमी तुजा एक दिस लागतो. काम असंल तवा बोलव."

"अहो बाय, तासभरच तर झोडलं," मी म्हणाले.

"तास काय नि दिस काय. सावड ती सावड."

सावड मला ऐकून माहीत होती. आज तू माझ्या शेतात ये, उद्या मी तुझ्या शेतात येते. कोण कुणाचं किती करतं ते कुणी मोजत नाही, पण कुणी विसरतही नाही. आमच्याकडंही जुन्या लोकांत असायची म्हणतात. मी आजारी पडले होते तेव्हा माझ्या टेबलावरचं काम महिनाभर साचत राहिलं आणि सगळ्यांनी ते नियमानुसार साचू दिलं, एवढाच माझा अनुभव.

जेवण वाढलं. नव्या तांदळाचा भात, सुकटीची चटणी, कुळथाचं पिठलं. नवा तांदूळ चिकट होतो म्हणून आपण पुण्यात जुना शोधत फिरतो. इथं नव्या भाताचा वास आला की माणसं ताटावर लवकर बसतात. मी पहिला घास घेतला आणि बाय मला कौतुकानं सांगू लागली.

"पोराचा पाय मोडला तवा ही अठरा दिस त्याच्यासंगती ठान्याला दवाखान्यात. भात उभा शेतात, वरून आभाळ भरलेला. मी म्हनला, गेला सगळा. पन या पोरी आल्या. सुट्टीच्या दिशी भात कापून दिला. आनि कंपनीतला हिचा कामबी अडू दिला नाय. आपला काम उरकून हिचा करायच्या नि हिचा शिक्का मारायच्या. अठरा दिस. म्हनून तर शिक्का राहिला हिचा."

कुणी बायला गप्प केलं नाही. कुणी दचकलं नाही. सुगंधा लाजून हसत होती आणि कुंदा पिठलं वाढत होती. मीच हातातला घास परत ताटात ठेवला.

"कुंदा, ते हार्नेस तू केलेस?" मी विचारलं.

"मी नि या दोघींनी. वाटून घेतला," कुंदा सहज म्हणाली. "थोडा आनखी घ्या पिठला."

सांगायला लाज वाटते, पण मी आणखी घेतलं. भातही घेतला. निघताना बायनं ओटीत मूठभर नवे तांदूळ घातले, आणि मी ते पदरात बांधून परत आले.

पुन्हा मुरबाड

सकाळी मी वसंतरावांकडं हजेरीचं पुस्तक मागितलं. सुगंधा अठरा दिवस गैरहजर, स्वच्छ लिहिलेलं. तिनं एका दिवसाचीही हजेरी लावून घेतली नव्हती. हार्नेसच्या कागदांवर मात्र तेच अठरा दिवस चौदा नंबरचा शिक्का रोज. शिक्का राहणार की जाणार हे कागद बघूनच ठरतं, हजेरीशी कुणी ताडून बघत नाही. दोन्ही पुस्तकं एकाच कपाटात, एकमेकांना चिकटून ठेवलेली. ज्यांना फसवायचं असतं ते निदान दोन्हीकडं एकच लिहितात. या बायकांना आपण काही लपवतोय हे माहीतच नव्हतं.

वसंतरावांच्या हातातलं पेन थांबलं. "मॅडम, इथंच मिटवूया. माज्या पोरी हायत या. मी समजावतो त्यांना."

"अहवालात लिहावं लागेल, वसंतराव."

 ते हळू म्हणाले, "काल तुमी जेवलात तिच्या घरी."

खाल्ल्या मिठाला जागावं एवढं मलाही कळतं. तरी मी हजेरीचं पुस्तक परत दिलं नाही. त्यांनी सुगंधाला आणि कुंदाला बोलावलं. मी त्यांना समजावून सांगितलं. मोटारीची तार तुटली तर मोटार रस्त्याच्या कडेला उभी राहते. ही टॅक्सी कडेला कुठं उभी राहणार? वर काही झालं तर हे कागद उघडतात. कुठल्या दिवशी, कुठल्या पकडीनं, कुणाच्या हातानं तार दाबली ते शोधतात आणि त्या हातानं केलेल्या सगळ्या तारा काढून बघतात. कागद खोटं बोलला तर शोधणारे चुकीच्या हाताचं काम बघत बसतात आणि तोवर दुसरी टॅक्सी उडालेली असते.

कुंदा ऐकून घेत होती. मग म्हणाली, "पन त्यात खोटा काय, मॅडम? काम तिचा होता. आमी केला. तिच्या शेतातला भात आमी कापला म्हनून तो आमचा होतो का? तिचाच ना?"

"भात वेगळा, कुंदा."

"मंग कागदावर आमच्या सगळ्यांचे हात लिवा ना. आमी कुठं नाय म्हनतो."

कागदावर एकच चौकोन असतो. दोघींचे हात मावतील एवढी त्यात जागा नसते. हे मी तिला सांगितलं आणि सांगताना मला माझाच राग आला.

 सुगंधा उठली, खिळ्यावरचा चौदा नंबरचा शिक्का काढला आणि माझ्यासमोर ठेवला. "हा घ्या. माज्यामुलं झाला. पन पोरींचे नका काढू." मी तिचं भिंग परत दिलं तेव्हा तिनं ते सवयीनं पदराला पुसून एप्रनच्या खिशात टाकलं.

त्या दिवशी वसंतराव मला माळशेजच्या बाजूला एक जुनं मंदिर बघायला नेणार होते. मी गेले नाही.

पुण्यात

अहवालात मी जेवढं लिहिता येईल तेवढं लिहिलं. हातांची चूक नाही, नोंदीची आहे. बायकांना नीट समजावून शिकवलं तर पुन्हा होणार नाही. कागदावर चौकोन वाढवावेत अशी सूचनासुद्धा केली. माझी भाबडी समजूत अशी की सगळा अहवाल वाचतील. त्यांनी पहिलं पान वाचलं.

त्या अठरा दिवसांतले सगळे हार्नेस परत मागवले. त्यातले काही पुण्यात माझ्यासमोर तपासले. एकेक टोक यंत्रात धरून तुटेपर्यंत ओढलं. नियमात जेवढा ताण सांगितलाय त्याच्या आधी एकही टोक सुटलं नाही. तपासणारा मुलगा मला म्हणाला, असं काम त्यानं अजून बघितलं नव्हतं. मग उरलेले हार्नेस कात्रीनं कापून भंगारात टाकले, कारण ते कुणाचे ते कागदावर सिद्ध होत नव्हतं. कुंदाच्या डाव्या हाताच्या गाठी कापताना मी तिथंच उभी होते.

पंधरा दिवसांत काम दुसऱ्या राज्यात गेलं. मधल्या कंपनीतल्या साहेबांनी फोन करून माझं अभिनंदन केलं. वेळेत सापडलं म्हणाले. शहापूरचे ट्रे अजून चालू आहेत, किती दिवस ते माहीत नाही. मुरबाडच्या बावीस खिळ्यांवर आता काही नाही.

मी बरोबर होते. हे मी स्वतःला सकाळ-संध्याकाळ सांगते, आणि त्यानं एक तसूभरही बरं वाटत नाही. उद्या पुन्हा तोच कागद समोर आला तर मी पुन्हा तेच लिहीन, आणि हे कळल्यापासून मला माझ्या धंद्याचा वीट आला आहे. बायनं दिलेले तांदूळ डब्यात आहेत. शिजवायचा धीर झालेला नाही.

मागच्या आठवड्यात फोन वाजला. सुगंधाचा नंबर बघून मी आधी उचललाच नाही. पुन्हा वाजला तेव्हा उचलला. शिव्या ऐकायची तयारी होती, त्या मिळाल्या असत्या तर बरंच वाटलं असतं.

"ताई," ती म्हणाली. आतापर्यंत मॅडम म्हणायची. "नवऱ्याचा प्लास्टर निगाला. बरा हाय आता." मग म्हणाली, "बाय सारखी विचारते. तुमी आमच्यात हात लावलात, तुमचा एक दिस आमच्याकडं राहिलाय. मी नि कुंदा येतो. काय काम असंल तर सांगा."

 दोन खोल्यांचं माझं घर, भांड्याला बाई, स्वयंपाकाला मी एकटी. तिथं दोघींनी येऊन करावं असं काय असणार?

"सध्या तरी काही काम नाही गं, सुगंधा," मी म्हणाले.

"आमच्याकडंबी नाय, ताई," ती म्हणाली.